विमानात न बसता ‘प्लॅटिनम’: अमेरिकेतून अलोऱ्याला येणाऱ्यांसाठी कृती

चिपळूण-कराड रस्त्यावरचे अलोरे हे कोयना प्रकल्पाच्या वसाहतीचे गाव. प्रकल्पाच्या कामासाठी ठिकठिकाणची माणसे इथे आली, क्वार्टर्समध्ये संसार थाटले गेले, मुले इथेच शाळेत गेली. पुढे ती पुण्या-मुंबईला गेली आणि त्यातली काही टेक्सास, न्यू जर्सीपर्यंत पोचली. अशा घरांसाठी गावी येणे म्हणजे दोन विमाने, मधला कित्येक तासांचा थांबा, मुंबईत उतरल्यावर मांडवी किंवा जनशताब्दीने चिपळूण आणि तिथून पुढे गाडी. सोबत पेंगुळलेली मुले असतात. सहा महिने अमेरिकेत राहून परतणारे आई-वडीलही अनेकदा बरोबर असतात.

या प्रवासात विमान कंपनीचे एलिट स्टेटस खरोखर कामाला येते. रांग छोटी होते, एक बॅग जास्त नेता येते आणि थांब्याच्या वेळी बसायला, खायला, अंघोळीला नीट जागा मिळते. पण ज्यांना ते सर्वांत जास्त हवे, त्यांनाच ते मिळत नाही. वर्षातून एकदा गावी येणाऱ्याचे उड्डाण होऊन होऊन किती होणार?

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी यावर एक सरळ मार्ग आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘अ‍ॅडव्हांटेज’ ही योजना सुरू केली. २०२२ मध्ये कंपनीने स्टेटस मोजण्याची रीत बदलली आणि ‘लॉयल्टी पॉइंट’ आणले. तेव्हापासून विमान प्रवासाइतकेच कार्डावरचा किराणा, ऑनलाइन खरेदी आणि हॉटेलचे बुकिंगही स्टेटससाठी धरले जाते. वर्षभरात एकदाही विमानात न बसता प्लॅटिनम होता येते.

पुढची कृती त्यासाठीच आहे. तिचा पाया एकच: जो खर्च घरात एरवी होणारच आहे, त्यातून स्टेटस मिळत असेल तर जरूर घ्या, स्टेटससाठी खर्च वाढवावा लागत असेल तर सोडून द्या.

काय काय लागेल

- अ‍ॅडव्हांटेजचे खाते (फुकट उघडते, नाव पासपोर्टवर आहे अगदी तसेच लिहा)
- अमेरिकेतला क्रेडिट इतिहास आणि अ‍ॅडव्हांटेजचे एक क्रेडिट कार्ड
- मागच्या बारा महिन्यांचा घरखर्चाचा हिशेब
- एक वही किंवा एक्सेलची शीट
- वर्षभराचा धीर: मोजणी १ मार्चला सुरू होते आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संपते

पायरी १: आधी प्रवास ठरवा, मग पातळी

चार पातळ्या आहेत.

- गोल्ड: ४०,००० लॉयल्टी पॉइंट
- प्लॅटिनम: ७५,०००
- प्लॅटिनम प्रो: १,२५,०००
- एक्झिक्युटिव्ह प्लॅटिनम: २,००,०००

अमेरिकन एअरलाइन्सचे विमान मुंबईला येत नाही. म्हणून मुंबईला येणाऱ्याने या पातळ्यांकडे ‘वनवर्ल्ड’ या विमान कंपन्यांच्या गटाच्या नजरेने पाहावे. अमेरिकेतून मुंबईला आणणाऱ्या कतार एअरवेज आणि ब्रिटिश एअरवेज या दोन्ही कंपन्या त्याच गटातल्या. गोल्डला या गटात ‘रुबी’ म्हणतात, प्लॅटिनमला ‘सफायर’ आणि वरच्या दोन्ही पातळ्यांना ‘एमराल्ड’.

रुबीला चेक-इनची वेगळी रांग मिळते, लाउंज किंवा जादा बॅग मिळत नाही. सफायरला इकॉनॉमीच्या तिकिटावरही लाउंज मिळते आणि एका सोबत्याला आत नेता येते. शिवाय एक जादा बॅग मिळते. जिथे सामान नगावर न मोजता वजनावर मोजतात तिथे १५ किलो जास्त. एमराल्डला याहून थोडे अधिक मिळते, पण घरखर्चातून तिथवर पोचायला फार मोठा खर्च लागतो.

गावी येणाऱ्या कुटुंबाने सफायर, म्हणजे ७५,००० धरून चालावे. ४०,००० वर थांबून हाती फारसे लागत नाही. सव्वा लाखामागे धावणेही बहुतेक घरांना परवडणारे नाही.

पायरी २: कोणाच्या नावावर, ते ठरवा

लॉयल्टी पॉइंट नवरा-बायकोचे एकत्र होत नाहीत. दोघांनी दोन कार्डांवर निम्मा-निम्मा खर्च केला तर दोघेही अर्ध्यावर अडकतात. म्हणून घरातला सगळा खर्च एकाच्या खात्यात जाऊ द्या. दुसऱ्यासाठी त्याच खात्यावर ऑथोराइज्ड युजर म्हणून कार्ड काढा. त्यावरचे पॉइंट मुख्य कार्डधारकाला मिळतात.

कोण, हे ठरवताना एकच बघा: आई-वडिलांना आणायला-सोडायला किंवा मुलांना घेऊन कोण जास्त येते? स्टेटस प्रवास करणाऱ्याचे असते. मुलगा प्लॅटिनम असला आणि आई एकटी मुंबईहून निघाली, तर आईला त्याचा काही फायदा नाही. आईसाठी व्हीलचेअर मात्र स्टेटसशिवायही मिळते आणि तिचे पैसे पडत नाहीत. तिकीट काढतानाच ती मागा आणि निघण्याच्या दोन दिवस आधी फोन करून खात्री करा.

पायरी ३: कार्ड निवडा

२०२६ पासून ही कार्डे देणारी बँक एकच: सिटी. जे कार्ड घ्याल त्यावर मूळ हिशेब सारखाच, एका डॉलरला एक लॉयल्टी पॉइंट. किराण्यावर दुप्पट माइल्स (तिकिटासाठी वापरता येणारे गुण), विमान तिकिटावर चौपट माइल्स अशा जाहिराती असतात. एकाच्या वरचे हे जादा माइल्स स्टेटसमध्ये धरत नाहीत. नवीन कार्डाबरोबर मिळणारे बोनस माइल्सही धरत नाहीत. दुसऱ्या कार्डाचे पॉइंट इकडे वळवले किंवा माइल्स विकत घेतले, तरी लॉयल्टी पॉइंट शून्यच.

माइल्स हा गल्ला आणि लॉयल्टी पॉइंट ही हजेरी समजा. गल्ल्यातले माइल्स तिकिटासाठी खर्च केले तरी हजेरीपटावरची हजेरी तशीच राहते.

कार्डांत निवड अशी:

- माइलअप: वार्षिक फी नाही
- प्लॅटिनम सिलेक्ट: ९९ डॉलर
- एक्झिक्युटिव्ह: ५९५ डॉलर. ५०,००० लॉयल्टी पॉइंट झाले की आणखी १०,००० मिळतात, ९०,००० वर पुन्हा १०,०००. अमेरिकन एअरलाइन्सच्या लाउंजचे सदस्यत्वही यातच येते

अमेरिकेत कामानिमित्त फिरणे असेल आणि ते लाउंज वापरले जाणार असेल तरच एक्झिक्युटिव्ह घ्या. एरवी ९९ डॉलरचे कार्ड पुरते. ते कसे, हे पायरी ७ मध्ये येईल.

पायरी ४: घरखर्च कार्डावर वळवा

वहीत बारा महिन्यांचे आकडे मांडा: किराणा, पेट्रोल, विमा, फोन, वीज, मुलांचे क्लास, पाळणाघर, औषधे, डॉक्टर. प्रत्येकासमोर दोन खुणा करा: कार्ड चालते का, आणि कार्डाची वेगळी फी लागते का? फी नसलेले सगळे खर्च कार्डावर ऑटो-पे लावा.

घरभाडे किंवा घराच्या हप्त्यासाठी घाई करू नका. अनेक ठिकाणी कार्डाने भाडे भरायला तीन टक्क्यांच्या आसपास फी लागते. २,५०० डॉलर भाड्यावर ती महिन्याला ७५ डॉलर होते. इतक्या किमतीला पॉइंट घेणे महागात पडते.

या पायरीचा नियम मोडू नका: दर महिन्याचे पूर्ण बिल मुदतीच्या आत भरा. अमेरिकेत क्रेडिट कार्डाचे व्याज साधारण वर्षाला वीस टक्क्यांच्या वर असते. दोन-तीन महिने थकबाकी राहिली तरी वर्षभराची कमाई त्यात बुडते. ज्यांचे बिल कधीमधी थकते, त्यांनी ही कृती इथेच थांबवावी.

पायरी ५: ऑनलाइन खरेदी दारातून आत जाऊन करा

अ‍ॅडव्हांटेजचे ‘ई-शॉपिंग’ नावाचे एक पान आहे. कपडे, लॅपटॉप, चपला, औषधे विकणारी शेकडो दुकाने तिथे असतात. दुकानाच्या वेबसाइटवर थेट न जाता या पानावरून गेलात, की डॉलरमागे ठरलेले माइल्स मिळतात आणि तेवढेच लॉयल्टी पॉइंटही. कार्डाचे वेगळे मिळतात. करायचे असे:

१. ई-शॉपिंगवर लॉग-इन करा.
२. ब्राउझरमधला अ‍ॅड-ब्लॉकर बंद करा.
३. दुकान शोधा, त्या दिवसाचा दर आणि खालच्या अटी वाचा. गिफ्ट कार्डाला बहुधा काही मिळत नाही.
४. तिथून दुकानात जा, सामान आधीच कार्टमध्ये असेल तर काढून पुन्हा घाला.
५. बाहेरून आणलेला कूपन कोड वापरू नका. त्याने नोंद तुटू शकते.
६. ऑर्डरचा स्क्रीनशॉट ठेवा. काही आठवड्यांत पॉइंट दिसले नाहीत तर तोच पुरावा.

वस्तू परत केली की पॉइंटही परत जातात. दर वर-खाली होतात, म्हणून लॅपटॉपसारखी मोठी खरेदी असेल तर थोडे दिवस थांबा. दिवाळीची खरेदी आणि अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा आठवडा जवळजवळ असतात. त्या दिवसांत दर पाहून खरेदी केली तर फायदा होतो.

पायरी ६: हॉटेल आणि बाहेरचे जेवण

‘अ‍ॅडव्हांटेज हॉटेल्स’ वरून खोली घेतली की रात्रीमागे शेकडो ते हजारो माइल्स मिळतात, तेवढेच लॉयल्टी पॉइंट. जगभरची हॉटेले त्यात आहेत. मुंबईत उतरून एक रात्र थांबणार असाल, मुलांना घेऊन महाबळेश्वरला किंवा कोल्हापूरला जाणार असाल, तर ते बुकिंग इथून होऊ शकते.

तीन गोष्टी तपासा. तीच खोली दुसरीकडे किती स्वस्त आहे? रद्द केली तर पैसे परत मिळतात का? हॉटेल साखळीचे स्वतःचे पॉइंट बुडाले तर चालेल का? किमतीत वीस डॉलरचा फरक आणि मिळणारे पॉइंट ३,००० असतील तर घ्या. फरक शंभराचा असेल तर सोडा. पॉइंट मुक्काम झाल्यावरच जमा होतात, बुकिंगच्या दिवशी नाही.

‘अ‍ॅडव्हांटेज डायनिंग’मध्ये कार्ड एकदा नोंदवून ठेवा आणि ईमेल घेण्यास होकार द्या. यादीतल्या रेस्टॉरंटमध्ये जेवले की डॉलरमागे एक ते पाच माइल्स आपोआप मिळतात.

अलोऱ्यात राहणाऱ्या वाचकाला यातली फक्त हॉटेलची वाट खुली आहे. कार्ड, डायनिंग आणि ई-शॉपिंग अमेरिकेपुरते. केवळ हॉटेलच्या मुक्कामांवर ७५,००० गाठणे इथल्या कुटुंबाला परवडणार नाही.

पायरी ७: बेरीज करा, तूट भरा

एक नमुना. महिन्याला ४,००० डॉलर खर्च कार्डावर जाणारे घर धरू.

- कार्ड: १२ × ४,००० = ४८,०००
- ई-शॉपिंग: २,००० डॉलर, सरासरी ४ प्रमाणे = ८,०००
- हॉटेल: ३ रात्री, सरासरी २,००० प्रमाणे = ६,०००
- एकूण: ६२,०००

एक्झिक्युटिव्ह कार्ड असेल तर १०,००० मिळून ७२,००० होतात आणि ३,००० कमी पडतात. ९९ डॉलरचे कार्ड असेल तर १३,००० कमी पडतात.

ही तूट भरायला फेडरल टॅक्स उपयोगी पडतो. टॅक्स कार्डाने भरता येतो आणि फी पावणेदोन टक्क्यांच्या आसपास असते. १३,००० डॉलरवर ती सुमारे २२८ डॉलर. कार्डाचे ९९ मिळवले तर ३२७. एक्झिक्युटिव्हच्या ५९५ पेक्षा हे बरेच कमी. मात्र तेवढा टॅक्स खरोखर देणे असला पाहिजे. स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांना तिमाही टॅक्स भरावाच लागतो, त्यांना हे सोयीचे. पगारातून टॅक्स कापला जाणाऱ्याने उगाच जास्त भरून परताव्याची वाट पाहू नये.

याच वहीत आणखी एक ओळ लिहा. दोन टक्के कॅशबॅक देणारे साधे कार्ड वापरले असते तर ४८,००० डॉलरवर ९६० डॉलर हातात आले असते. त्याऐवजी ४८,००० माइल्स आणि स्टेटस मिळते. माइल्सवर कतारचे तिकीट काढणार असाल तर सौदा चांगला. माइल्स वर्षानुवर्षे पडून राहणार असतील तर कॅशबॅकच घ्या.

पायरी ८: तारखा सांभाळा

कार्डाचे पॉइंट स्टेटमेंट निघाल्यावर जमा होतात, खरेदीचे आणि हॉटेलचे त्याहून उशिरा. म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यावर काही ठेवू नका. शेवटची मोठी खरेदी आणि टॅक्सचा भरणा जानेवारीतच उरका.

स्टेटस ७५,००० गाठल्यावर लगेच लागू होते आणि मोजणीचे वर्ष संपल्यावरही पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत टिकते. उदाहरणार्थ, १ मार्च २०२६ ते २८ फेब्रुवारी २०२७ या काळात कमावलेले स्टेटस ३१ मार्च २०२८ पर्यंत चालते. एका वर्षाच्या घरखर्चावर २०२७ ची मे महिन्याची सुट्टी, गणपती, दिवाळी आणि २०२८ चा शिमगाही त्यात बसतो. गावी यायचा बेत या खिडकीत बसवा.

पायरी ९: तिकीट काढताना आणि विमानतळावर

१. तिकिटात अ‍ॅडव्हांटेज नंबर घाला, कतारचा स्वतःचा नाही.

२. प्रत्येक टप्प्याचे विमान प्रत्यक्ष कोण चालवते ते वाचा. दोहा-मुंबई टप्पा कतारच्या नंबरावर विकला जातो आणि विमान इंडिगोचे असते, असे होते. इंडिगो वनवर्ल्डमध्ये नाही. त्या टप्प्यावर सफायरचे फायदे धरू नका. एअर इंडिया २०१४ पासून ‘स्टार अलायन्स’ या दुसऱ्या गटात आहे, तिथेही हे स्टेटस चालत नाही.

३. शक्यतो सगळे कुटुंब एका बुकिंगवर ठेवा, म्हणजे चेक-इनला एकत्र जाता येते. जादा बॅग मात्र स्टेटस असलेल्याच्याच नावावर.

४. बोर्डिंग पासवर ‘वनवर्ल्ड सफायर’ छापले आहे का पाहा. नसेल तर काउंटरवरच नंबर घालून नवा पास घ्या. पुढची सगळी सोय त्या दोन शब्दांवर मिळते.

५. दोह्याचे गाजलेले अल मुर्जान लाउंज बिझनेस आणि फर्स्टच्या तिकिटाला असते. इकॉनॉमीतल्या सफायरसाठी वेगळे लाउंज आहे. पास दाखवून तिकडची वाट विचारा. सोबत एकालाच नेता येते, तेव्हा आई-वडील दोघेही असतील तर लाउंजच्या दारावर विचारून मगच कोण कुठे बसेल ते ठरवा.

६. परतीच्या जादा बॅगेत कोकम, मेतकूट, फणसपोळी घालाल ते अमेरिकेच्या कस्टम्सच्या फॉर्मवर जाहीर करा. ताजा हापूस बॅगेतून नेऊ नका. अमेरिकेत जाणारा भारतीय आंबा विकिरण प्रक्रिया होऊनच जातो, घरची पेटी जप्त होते.

दुसऱ्या कंपन्यांचे काय?

युनायटेडमध्ये कार्डाने मदत होते, पण कंपनीच्या विमानातून किमान चार उड्डाणे करावीच लागतात. डेल्टाच्या पहिल्या पातळीला, सिल्व्हरला, ५,००० गुण लागतात आणि ठरावीक कार्डांपैकी प्रत्येकामागे २,५०० आयते मिळतात. दोन कार्डे घेतली की न उडता सिल्व्हर होता येते. फी मात्र रिझर्व्ह आणि प्लॅटिनम मिळून वर्षाला १,००० डॉलर, आणि त्या पातळीवर परदेशी प्रवासात लाउंज नाही.

भारतातही अशी सोय होती. विस्तारा कंपनीच्या काही बँक कार्डांबरोबर ‘क्लब विस्तारा’ या तिच्या योजनेची वरची पातळी आयती मिळत असे. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि ती कार्डेही त्याच रूपात राहिली नाहीत. त्याआधी १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजची विमाने थांबली, तेव्हा वर्षानुवर्षे जपलेले जेटचे स्टेटस कोणाच्याच उपयोगाचे उरले नाही. स्टेटस साठवून ठेवण्याची गोष्ट नाही. ज्या प्रवासासाठी मिळवले, त्या प्रवासात ते वापरून टाकायचे.

पायरी १०: पुढचे वर्ष सोडा

स्टेटस मिळाले की ते टिकवण्याची ओढ लागते आणि नको ती खरेदी सुरू होते. ती टाळण्यासाठी एक वर्ष कमवा, एक वर्ष सोडा. वरच्या उदाहरणात १ मार्च २०२७ पासून घरखर्च पुन्हा कॅशबॅकच्या कार्डावर न्या, फीचे कार्ड बंद करा किंवा विनाफीच्या कार्डात बदलून घ्या, आणि वर्षभर मिळालेले स्टेटस वापरा. २०२८ च्या फेब्रुवारीत वही पुन्हा उघडा. पुढच्या दोन वर्षांत गावी किमान दोनदा येणे ठरले असेल आणि पायरी ७ ची बेरीज घरच्याच खर्चात ७०,००० च्या आसपास येत असेल, तर १ मार्चला पुन्हा सुरुवात करा. तसे नसेल तर फी आणि कॅशबॅक यांतून वाचलेले पैसे आई-वडिलांच्या तिकिटात घाला. त्यांना पाय लांब करता येईल अशी जागा विकत मिळते आणि त्यासाठी कोणतेही स्टेटस लागत नाही.